सॉफ्टवेअर-परिभाषित रेडिओसाठी घरगुती नियंत्रक

सॉफ्टवेअर-परिभाषित रेडिओ हाताने चालवता यावा म्हणून हौशी रेडिओचालकाने स्वतः बांधलेल्या, नॉब आणि बटणे असलेल्या उपकरणाला घरगुती नियंत्रक म्हणतात. या प्रकारचा रेडिओ अनेकदा केवळ संगणकाच्या पडद्यावरून, माऊस व कळफलक वापरून चालवला जातो. नियंत्रकामुळे त्याला जुन्या रेडिओसंचाप्रमाणे फिरवण्याची व दाबण्याची साधने पुन्हा मिळतात. नियंत्रकातून रेडिओसंकेत किंवा आवाज जात नाही. हाताची हालचाल मोजणे आणि ती संगणकातील आज्ञावलीला समजेल अशा संदेशात बदलून बहुधा यूएसबी तारेतून पाठवणे, एवढेच त्याचे काम असते.

मायक्रोकंट्रोलर, एक किंवा अधिक रोटरी एन्कोडर, काही बटणे आणि एक पेटी एवढ्या सामग्रीत असा नियंत्रक तयार होतो. हे उपकरण साधे असले, तरी त्याच्या आखणीतील चुकांचे परिणाम साधे नसतात. संदेश नीट आखले नाहीत, तर हात थांबल्यावरही वारंवारता सरकत राहते. सुरक्षिततेचा विचार केला नाही, तर तार निसटल्यानंतर प्रक्षेपक चालूच राहू शकतो. म्हणून कोणते काम नियंत्रकाकडे द्यावे आणि कोणते देऊ नये, हा या बांधणीतील मुख्य प्रश्न होय.

पार्श्वभूमी

पारंपरिक रेडिओसंचात गाळणी, मिश्रण, विमॉड्युलन इत्यादी कामे इलेक्ट्रॉनिक मंडले करतात आणि समोरचा नॉब त्या मंडलांतील एखाद्या घटकाला प्रत्यक्ष जोडलेला असतो. सॉफ्टवेअर-परिभाषित रेडिओत अँटेनाकडून आलेल्या संकेताचे अंकीय नमुने घेतले जातात आणि पुढील बहुतेक कामे गणिती क्रियांनी होतात. जोसेफ मिटोला यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ ही संज्ञा प्रचारात आणली.

हौशी क्षेत्रात ही कल्पना रुजवण्यात अमेरिकेतील गेराल्ड यंगब्लड यांच्या लेखमालेचा मोठा वाटा आहे. अमेरिकन रेडिओ रिले लीगच्या ‘क्यूईएक्स’ या नियतकालिकात ती २००२-०३मध्ये चार भागांत प्रसिद्ध झाली. त्यातूनच पुढे फ्लेक्सरेडिओ कंपनीचा एसडीआर-१००० हा संच आणि पॉवरएसडीआर ही मुक्तस्रोत आज्ञावली पुढे आली. थेटिस ही आज्ञावली पॉवरएसडीआरवरूनच विकसित झाली आहे. २०१२च्या सुमारास दूरचित्रवाणीसाठी बनवलेल्या, आरटीएल२८३२यू ही चिप असलेल्या स्वस्त यूएसबी साधनांचा ग्राही म्हणून उपयोग होतो हे लक्षात आले आणि विद्यार्थ्यांनाही हा विषय परवडू लागला. हर्मिस-लाइट २ हा मुक्त आराखड्याचा संच सेकंदाला ७ कोटी ६८ लाख नमुने घेतो. त्यामुळे ३० मेगाहर्ट्‌झपर्यंतचा संपूर्ण लघुलहरी पट्टा तो थेट अंकीय रूपात आणू शकतो.

अशा अनेक संचांच्या दर्शनी भागावर एकही नॉब नसतो. फ्लेक्सरेडिओचा ‘फ्लेक्सकंट्रोल’ यासारखे तयार यूएसबी नॉब बाजारात आले, तसेच डीजे मंडळींचे मिडी पटलही हौशी रेडिओचालकांनी वापरात आणले. घरगुती नियंत्रक हा याच परंपरेचा भाग आहे.

गरज

पडद्यावर सर्व सोयी असताना वेगळा नॉब कशासाठी, याचे उत्तर पडद्याच्या मर्यादेत आहे. समजा, १९२० बिंदू रुंदीच्या पडद्यावर १९२ किलोहर्ट्‌झ रुंदीचा वर्णपट दिसत आहे. तेव्हा एका बिंदूची रुंदी १०० हर्ट्‌झ होते. एकपार्श्वपट्टी पद्धतीत बोलणाऱ्याचा आवाज नैसर्गिक वाटण्यासाठी वारंवारता काही दशक हर्ट्‌झच्या आत जुळावी लागते. म्हणजेच माऊसने अचूक टिचकी मारली, तरी ती पुरेशी बारीक ठरत नाही आणि उरलेली जुळवणी चाकाने किंवा कळांनी करावी लागते. नॉब फिरवताना मात्र कान ऐकत असतो आणि हात त्यानुसार थांबतो. डोळ्यांना त्यात भाग घ्यावा लागत नाही.

दुसरे कारण कामाच्या विभागणीचे आहे. स्पर्धेत किंवा आपत्कालीन संदेशवहनात चालकाला कळफलकावर नोंदी करायच्या असतात. त्याच वेळी रेडिओची खिडकी शोधून माऊस तिथे नेणे त्रासदायक असते.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण दृष्टिहीन रेडिओचालकांचे आहे. हौशी रेडिओ हा कानाचा छंद असल्यामुळे दृष्टिहीन व्यक्तींनी त्यात फार पूर्वीपासून भाग घेतलेला आहे. जुन्या संचावरील प्रत्येक नॉब स्पर्शाने ओळखता येत असे. वर्णपटाचे चित्र आणि रंगीत पट्ट्यांवर उभारलेला रेडिओ मात्र त्यांच्यासाठी एक बंद दार ठरू शकतो. ठरावीक जागी ठरावीक आकाराचे बटण असलेला नियंत्रक हे दार उघडतो.

घटक

मुख्य नॉब: वारंवारता बदलण्यासाठी रोटरी एन्कोडर वापरतात. याचे दोन प्रकार प्रचलित आहेत. यांत्रिक एन्कोडरमध्ये धातूचे संपर्क असतात. एका फेऱ्यात साधारण २० स्पंद मिळतात आणि फिरवताना टिकटिक जाणवते. प्रकाशीय एन्कोडरमध्ये बारीक फटींच्या चकतीतून जाणारा प्रकाश मोजला जातो. त्यात संपर्कांची झीज नसते आणि एका फेऱ्यात १०० ते ६०० किंवा त्याहून अधिक स्पंद मिळतात. मुख्य नॉबसाठी टिकटिक नसलेला प्रकाशीय, तर आवाज व गाळणीची रुंदी यांसाठी यांत्रिक एन्कोडर योग्य ठरतो. नॉब जड असावा, म्हणजे एका झटक्यात तो काही काळ स्वतःच फिरतो आणि लांबची वारंवारता लवकर गाठता येते.

पोटेन्शिओमीटर: आवाजासाठी १० किलोओहमचा रेषीय पोटेन्शिओमीटरही चालतो. मात्र त्याची स्थिती निरपेक्ष असते. पडद्यावरून आवाज कमी केला, तरी नॉब पूर्वीच्याच जागी राहतो आणि पुढच्या स्पर्शाला आवाज एकदम वाढतो. हा धक्का टाळण्यासाठी नॉब पडद्यावरील मूल्यापाशी पोचेपर्यंत त्याकडे दुर्लक्ष करणारी आज्ञावली लिहावी लागते. एन्कोडर केवळ बदल सांगतो, म्हणून त्यात ही अडचण येत नाही.

बटणे: पट्टा, प्रकार, गाळणी, स्मृती इत्यादींसाठी बटणे लागतात. सोळा बटणे चार ओळी व चार स्तंभांच्या जाळीत जोडली, तर मायक्रोकंट्रोलरचे आठच पाय खर्ची पडतात. एकाच वेळी अनेक बटणे दाबली असता न दाबलेले बटण दाबल्याचा भास होऊ नये, यासाठी प्रत्येक बटणाबरोबर एक डायोड जोडतात.

मायक्रोकंट्रोलर: एटमेगा३२यू४ ही चिप असलेले आर्डुइनो लिओनार्डो व मायक्रो, टीन्सी, तसेच २०२१मध्ये आलेला रास्पबेरी पाय पिको हे फलक यासाठी सोयीचे आहेत, कारण ते यूएसबीवर थेट कळफलक, मिडी साधन किंवा सिरियल पोर्ट म्हणून ओळख देऊ शकतात. आर्डुइनो उनोवर यूएसबीचे काम वेगळी चिप करते, म्हणून तो सामान्यतः सिरियल पोर्ट एवढ्याच रूपात वापरला जातो.

एन्कोडरचे वाचन

एन्कोडरमधून ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन संकेत निघतात आणि ते एकमेकांपासून पाव चक्राने सरकलेले असतात. फिरवताना त्यांची जोडी ००, ०१, ११, १० या क्रमाने बदलते. उलट फिरवल्यास क्रम उलटा होतो. त्यावरूनच दिशा कळते. या क्रमात एका वेळी एकच अंक बदलतो. अशा मांडणीला बेल प्रयोगशाळेतील फ्रँक ग्रे यांच्या नावावरून ग्रे संकेत म्हणतात. एका स्पंदात चार बदल होत असल्यामुळे ६०० स्पंदांच्या एन्कोडरपासून एका फेऱ्यात २४०० मोजण्या मिळू शकतात.

यांत्रिक संपर्क जुळताना व सुटताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका टिकेऐवजी अनेक टिका मोजल्या जातात. यावर दोन उपाय एकत्र वापरतात. पहिला, प्रत्येक संकेतावर १० किलोओहमचा रेझिस्टर व १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर यांची गाळणी बसवणे. तिचा कालस्थिरांक ०.१ मिलिसेकंद येतो. दुसरा, आज्ञावलीत संक्रमणतक्ता ठेवणे. मागील व आताची जोडी मिळून १६ शक्यता होतात: चार पुढच्या दिशेच्या, चार मागच्या दिशेच्या, चार ‘बदल नाही’ अशा आणि चार अशक्य. अशक्य संक्रमण आढळल्यास ते मोजायचे नसते. एकाच संकेताची थरथर या पद्धतीत +१ आणि −१ अशी येऊन आपोआप रद्द होते.

वेगवान प्रकाशीय एन्कोडरसाठी मात्र वाचनही वेगवान हवे. त्यासाठी संकेत बदलताच मुख्य काम थांबवून मोजणी करणारे इंटरप्ट वापरतात. अनेक प्रकाशीय एन्कोडरांचे उत्पादन ‘ओपन कलेक्टर’ प्रकारचे असते. त्यांना पुल-अप रेझिस्टर जोडावाच लागतो आणि तो मायक्रोकंट्रोलरच्याच व्होल्टतेला जोडावा लागतो. पिको ३.३ व्होल्टवर चालतो. त्याच्या पायांवर ५ व्होल्ट दिल्यास चिप निकामी होऊ शकते.

संदेशपद्धती

नियंत्रकाने मोजलेली हालचाल रेडिओच्या आज्ञावलीपर्यंत नेण्याचे तीन मार्ग रूढ आहेत.

कळफलक: नियंत्रक स्वतःला कळफलक म्हणून सादर करतो आणि प्रत्येक टिकेला एक कळ दाबल्याचा संदेश पाठवतो. ही सर्वांत सोपी पद्धत आहे. परंतु रेडिओची खिडकी पुढे नसेल, तर त्या कळा नोंदवहीत किंवा पत्रात उमटतात.

मिडी: १९८३मध्ये वाद्यांसाठी ठरलेली ही पद्धत येथे चांगली उपयोगी पडते. एका नियंत्रण-संदेशात तीन बाइट असतात: प्रकार व वाहिनी, नॉबचा क्रमांक आणि मूल्य. पहिल्या वाहिनीसाठी पहिला बाइट १७६ असतो. उरलेले दोन ० ते १२७ या मर्यादेत असतात. एन्कोडरसाठी ‘एक पायरी पुढे’ व ‘एक पायरी मागे’ अशी दोन मूल्ये ठरवून घेतात. मिडी साधनाला संगणकात वेगळा ड्रायव्हर लागत नाही आणि कोणती खिडकी पुढे आहे याचाही संबंध राहत नाही. थेटिससारख्या आज्ञावलीत कोणत्या नॉबने काय बदलावे, हे चालक स्वतः ठरवू शकतो.

कॅट: संगणकाकडून रेडिओ चालवण्याच्या या पद्धतीत सिरियल पोर्टवरून अक्षरी आज्ञा जातात. केनवुड कंपनीच्या संचांची आज्ञापद्धती अनेक आज्ञावलींनी स्वीकारली आहे. त्यात ‘एफए’ ही दोन रोमन अक्षरे, पुढे हर्ट्‌झमधील अकरा अंकी वारंवारता आणि शेवटी अर्धविराम असा संदेश असतो. १४.०७४ मेगाहर्ट्‌झसाठी ते अंक ०००१४०७४००० असे येतात. केवळ ‘एफए’ आणि अर्धविराम पाठवल्यास रेडिओ आपली वारंवारता उलट कळवतो. त्यामुळे नियंत्रकाच्या छोट्या पडद्यावर वारंवारता दाखवता येते.

कॅट वापरताना एक चूक वारंवार होते. नियंत्रक वारंवारतेची स्वतःची प्रत जपतो आणि तीत भर घालून पाठवतो. मधल्या काळात चालकाने पडद्यावर टिचकी मारून वारंवारता बदललेली असेल, तर नॉबला हात लागताच रेडिओ जुन्या जागी उडी घेतो. वारंवारतेची खरी नोंद रेडिओच्या आज्ञावलीतच असावी. नियंत्रकाने फिरवण्याच्या आरंभी ती विचारून घ्यावी किंवा मिडीप्रमाणे केवळ बदल कळवावा.

गतीचे गणित

नॉब ‘हाताला बरा वाटणे’ हे बऱ्याच अंशी गणितावर अवलंबून असते. २४०० मोजण्यांच्या एन्कोडरवर प्रत्येक मोजणीला १० हर्ट्‌झ दिल्यास एका फेऱ्यात २४ किलोहर्ट्‌झ सरकतात. १४.०००पासून १४.३५० मेगाहर्ट्‌झपर्यंतचा २० मीटरचा पट्टा सुमारे पंधरा फेऱ्यांत ओलांडला जातो, पण आवाज जुळवणे अवघड होते. प्रत्येक मोजणीला १ हर्ट्‌झ दिल्यास फेऱ्याला २.४ किलोहर्ट्‌झ मिळतात. जुळवणी सुरेख होते, पण पट्टा ओलांडायला सुमारे १४६ फेरे लागतात. म्हणून हळू फिरवल्यास लहान आणि वेगाने फिरवल्यास मोठी पायरी देतात.

दुसरा हिशेब संदेशांच्या वेगाचा आहे. वारंवारतेच्या कॅट आज्ञेत १४ अक्षरे असतात. प्रत्येकास १० बिट धरल्यास १४० बिट होतात. सेकंदाला ९६०० बिट या वेगाने एका आज्ञेस सुमारे १४.६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला फार तर ६८ आज्ञा जातात. नॉब सेकंदाला एक फेरा या वेगाने फिरत असेल आणि प्रत्येक मोजणीला एक आज्ञा पाठवली, तर २४०० आज्ञा रांगेत लागतात. हात थांबल्यावरही रांग संपेपर्यंत रेडिओ सरकत राहतो. यावर उपाय सोपा आहे: मोजण्या साठवाव्यात, दर २० मिलिसेकंदांनी त्यांची बेरीज करावी आणि एकच आज्ञा पाठवावी.

या विलंबात संगणकाच्या आवाजाचा विलंबही मिळतो. सेकंदाला ४८,००० नमुने असताना २०४८ नमुन्यांचा साठा भरण्यास सुमारे ४३ मिलिसेकंद लागतात. नॉब नीट काम करीत असूनही जुळवणी मागे पडत असल्यास दोष बहुधा या साठ्यात असतो.

प्रक्षेपण आणि सुरक्षितता

केवळ ऐकण्यासाठीच्या नियंत्रकातील चुकीमुळे फार तर गैरसोय होते. प्रक्षेपणाच्या आज्ञेचे तसे नाही. ‘प्रक्षेपण सुरू’ हा संदेश गेल्यानंतर तार निसटली किंवा मायक्रोकंट्रोलर अडकला, तर ‘प्रक्षेपण बंद’ हा संदेश कधीच पोचत नाही. प्रक्षेपक चालू राहतो, शक्तिवर्धक तापतो आणि ती वारंवारता इतरांसाठी अडून राहते. आपत्कालीन संदेशवहन चालू असेल, तर ही अडवणूक गंभीर ठरते.

म्हणून पुढील काळजी घेतली जाते. प्रक्षेपणाची कालमर्यादा नियंत्रकात नव्हे, तर संगणकाच्या आज्ञावलीत किंवा रेडिओत ठेवावी. कारण तार तुटल्यावर नियंत्रकाचा काहीही उपयोग उरत नाही. नियंत्रक सुरू होताच त्याने सर्वप्रथम ‘प्रक्षेपण बंद’ ही आज्ञा पाठवावी. मायक्रोकंट्रोलरमधील वॉचडॉग सुरू ठेवावा, म्हणजे आज्ञावली अडकल्यास तो स्वतः पुन्हा सुरू होतो. याखेरीज, संगणकाशी संबंध नसलेला आणि रेडिओचा वीजपुरवठा थेट तोडणारा खटका हाताशी असावा.

मोर्सची कळ नियंत्रकाला जोडू नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. मिनिटाला २५ शब्दांच्या वेगात एका बिंदूची लांबी ४८ मिलिसेकंद असते. संगणकामार्गे परत ऐकू येणारा स्वतःचा सूर जवळजवळ तेवढ्याच विलंबाने आला, तर चालकाचा हात अडखळतो. मोर्सची कळ थेट रेडिओच्या खोबणीत जोडल्यास हा प्रश्न राहत नाही.

व्यत्यय

प्रक्षेपकाच्या सान्निध्यात यूएसबीची तार अँटेनासारखी वागते. प्रक्षेपण सुरू होताच नियंत्रक बंद पडणे किंवा वारंवारता आपोआप उडणे, ही त्याची लक्षणे होत. आखूड व आवरण असलेली तार, तिच्या दोन्ही टोकांना फेराइटची कडी आणि धातूची पेटी हे नेहमीचे उपाय आहेत. उलट बाजूनेही त्रास होतो: मायक्रोकंट्रोलरचे घड्याळ आणि झगमगत्या एलईडीची स्पंदने ग्राहीत कुजबुज निर्माण करतात. नियंत्रकाची तार काढून व पुन्हा लावून वर्णपट पाहिल्यास हा स्रोत ओळखता येतो.

बांधणीचा क्रम

अनुभवी बांधणीकार एका वेळी एकच गोष्ट पडताळतात. प्रथम ब्रेडबोर्डवर एकच एन्कोडर जोडून त्याच्या मोजण्या संगणकावर छापून पाहतात. एक पूर्ण फेरा पुढे व एक मागे फिरवल्यावर मोजणी शून्यावर परतली, तर वाचन निर्दोष समजावे. त्यानंतर प्रत्यक्ष रेडिओशिवाय संदेशांची तपासणी करतात. मग केवळ ग्रहणासाठी नियंत्रक वापरतात आणि कोणती बटणे खरोखर लागतात ते पाहतात. सोल्डरिंग आणि पेटीला भोके पाडणे ही कामे त्यानंतरची होत. पुठ्ठ्यावर काढलेली मांडणी बदलणे सोपे असते, धातूवरील नव्हे. प्रक्षेपणाचे बटण सर्वांत शेवटी, अँटेनाऐवजी डमी लोड जोडून तपासतात.

मांडणी करताना मुख्य नॉब नेहमीच्या हाताच्या बाजूला ठेवतात आणि प्रक्षेपणाचे बटण इतरांपासून दूर व वेगळ्या आकाराचे घेतात. दृष्टिहीन चालकासाठी बटणांचे गट, उंचवटे आणि प्रत्येक कृतीला वेगळा ध्वनी यांची जोड देतात.

भारतातील संदर्भ

भारतात स्वबांधणीची परंपरा जोमदार आहे. अशहर फरहान यांचा ‘मायक्रोबिटएक्स’ हा संच सॉफ्टवेअर-परिभाषित नसला, तरी त्यावरील ‘रॅडुइनो’ हा फलक या विषयाच्या अभ्यासासाठी चांगला आहे. आर्डुइनो नॅनो आणि एकच एन्कोडर यांवर संपूर्ण संचाचे नियंत्रण कसे चालते, हे त्याच्या खुल्या आज्ञावलीत वाचता येते. त्यांच्याच ‘एसबिटएक्स’ या सॉफ्टवेअर-परिभाषित संचात रास्पबेरी पाय संगणक आणि स्पर्शपडदा असूनही फिरवण्याचे नॉब ठेवलेले आहेत.

हौशी केंद्र चालवून प्रक्षेपण करण्यासाठी भारतात दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेचा परवाना आवश्यक असतो. नियंत्रक स्वतः प्रक्षेपण करीत नाही. मात्र तो ज्या प्रक्षेपकाला जोडला जातो, त्याची जबाबदारी परवानाधारकाचीच असते.

मर्यादा

नियंत्रक आज्ञावलीशी बांधलेला असतो. आज्ञावली बदलली, तर बटणांचे वाटपही पुन्हा करावे लागते. जी सोय आज्ञावलीने बाहेरून वापरण्यास खुली ठेवलेली नाही, ती नियंत्रकाला देता येत नाही. शेकडो सोयी असलेल्या रेडिओच्या प्रत्येक सोयीला बटण दिल्यास पेटी पडद्याइतकीच गोंधळाची होते. वारंवारता, आवाज, गाळणी, पट्टा आणि प्रकार एवढीच कामे हाताला देऊन उरलेली पडद्यावर ठेवणारे नियंत्रक अधिक काळ वापरात राहतात.